निकोला आपेर आणि बंद डब्यांतील अन्न

पावसाळा सरला म्हणजे उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळूं लागतात. भाईंदर, राई व मुर्धे या गांवांच्या मिठागरांनीं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या भागास मीठ पुरविलें. ऊन आणि मीठ हीं दोन साधनें आपल्या वाडवडिलांच्या हातीं होतीं. व त्यांच्या बळावर वैशाखांत वाळविलेली मासळी, होड्या किनाऱ्यास लागलेल्या असतां, ऐन श्रावणसरींत ताटांत येत असे. अन्न टिकविण्याची विद्या या भागांतील मुलांस परकी नाहीं.

परंतु आतां मीरा-भाईंदर हें मोठें शहर झालें आहे, आणि किराणा दुकानांच्या फळ्यांवर आंब्याचा रस, अननस, वाटाणे, मासळी अशा नाना पदार्थांचे पत्र्याचे डबे ओळीनें मांडलेले दिसतात. सुक्या बोंबलाची परीक्षा घरांतील आजीस करतां येते; ती तो हातांत घेते, मोडून पाहते, वास घेते व बरेंवाईट ठरविते. बंद डब्याचें तसें नाहीं. त्याच्या आंत काय चाललें आहे तें डोळ्यांस दिसत नाहीं व नाकास कळत नाहीं. मग डब्यास पोचा आलेला असला, गंज चढलेला असला, किंवा झांकण फुगलेलें असलें, तर तें अन्न खावें कीं टाकावें? हा प्रश्न घरोघरच्या मातांस पडतो, आणि पोचे आलेले डबे कमी दरांत विकावयास मांडलेले असले म्हणजे तो अधिकच अवघड होतो. याचें उत्तर ज्याच्या चरित्रांत सांपडतें, त्या पुरुषाची ओळख आम्ही येथें करून देणार आहोंत. त्याचें नांव निकोला आपेर.

निकोला आपेर याचा जन्म इ. स. १७४९ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १७ तारखेस फ्रान्स देशांतील शँपेन प्रांतांत, शालाँ या गांवीं झाला. त्याचा बाप खाणावळवाला होता. उतारूंची वर्दळ, पेटलेल्या चुली आणि तळघरांत रचलेल्या द्राक्षमद्याच्या बाटल्या यांच्या संगतींत त्याचें बाळपण गेलें. पदार्थ कसा शिजतो, कसा आंबतो, बूच सैल राहिलें तर बाटलींतील माल कसा बिघडतो, हें त्यानें पुस्तकांतून नव्हे, तर हातांनीं काम करून शिकून घेतलें. तरुणपणीं तो झ्वाइब्रुकेन संस्थानच्या ड्यूकच्या पदरीं मुदपाकखान्यांत नोकरीस होता. पुढें इ. स. १७८४ च्या सुमारास तो पॅरिसला आला, व तेथें लोंबार नांवाच्या रस्त्यावर त्यानें मिठाईचें दुकान थाटलें.

फळें साखरेच्या पाकांत मुरविणें हा तेथील मिठाईवाल्यांचा नित्याचा उद्योग होता. आपल्या घरच्या मुरंब्यासारखाच तो प्रकार समजावा. परंतु पाकांत फळाचा स्वतःचा स्वाद मागें पडतो. मिठांत मांस खारट व कठीण होतें. आणि वाळविलेल्या भाजीस ताज्या भाजीची सर येत नाहीं. पदार्थ आहे तसाच, त्याच्या मूळ चवीसह, वर्षभर कां टिकूं नये, हा विचार आपेरच्या मनांत घोळूं लागला. इतक्यांत फ्रान्सांत राज्यक्रांतीचा वणवा पेटला. आपेरनें त्या चळवळींत भाग घेतला, पण इ. स. १७९४ मध्यें संशयाचा फेरा त्याच्यावरहि आला व कांहीं काळ त्यास तुरुंगांत काढावा लागला. त्या वर्षीं पॅरिसमध्यें कित्येकांचीं मस्तकें उडालीं. आपेर सुदैवानें वांचला. सुटकेनंतर त्यानें उरलेलें सारें आयुष्य त्या एकाच विचारास वाहिलें.

त्याची रीति ऐकण्यास अगदीं सोपी आहे. कांचेच्या जाड बाटलींत अथवा बरणींत पदार्थ भरावयाचा. तिला उत्तम प्रतीचें बूच घट्ट बसवून तें तारेनें आंवळावयाचें. ती बाटली गोणपाटांत गुंडाळून पाण्याच्या मोठ्या भांड्यांत ठेवावयाची. व तें पाणी पदार्थाच्या जातीप्रमाणें कमी अधिक वेळ उकळत ठेवावयाचें. एवढेंच काय तें. परंतु या सोपेपणाच्या पोटीं कित्येक वर्षांचे कष्ट आहेत. वाटाण्यास किती वेळ, मांसाच्या रश्श्यास किती वेळ, दुधास किती वेळ, हें त्यास कोणी सांगणारें नव्हतें. प्रत्येक पदार्थ भरून, उकळून, महिनोन् महिने ठेवून व मग उघडून पाहावा लागे. बाटल्या फुटत, बुचें गळत, माल नासे. तो पुन्हां आरंभ करी. बुचांची निवड तर तो जोहऱ्यासारखी करी, कारण एक फटहि सर्व श्रम मातीस मिळविते हें त्यानें ओळखलें होतें.

येथें वाचकांनीं दोन गोष्टी मनांत पक्क्या धराव्या. पहिली, उष्णता पदार्थाच्या गाभ्यापर्यंत पुरेशी पोहोंचली पाहिजे. दुसरी, त्यानंतर बाहेरची हवा आंत शिरतां कामा नये. आपेरची सर्व विद्या या दोन खांबांवर उभी आहे, व दुकानांतील प्रत्येक डबा आजहि त्याच दोन खांबांवर उभा असतो.

पॅरिसजवळील मासी या गांवीं आपेरनें आपला कारखाना काढला. भोंवतीं त्याची स्वतःची बाग होती; तेथील शेंगा व फळें सकाळीं तोडून त्याच दिवशीं बाटल्यांत जात. त्या काळीं फ्रान्सचें इंग्लंडशीं युद्ध चाललें होतें, आणि आरमारी खलाशांचे हाल तर पुसावयासच नकोत. महिनोन् महिने खारें मांस व किडलेलीं बिस्किटें खाऊन त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई व स्कर्व्ही रोगानें ते मरत. इ. स. १८०३ मध्यें ब्रेस्त बंदरांत आपेरच्या बाटल्यांची परीक्षा झाली. तीन महिने ठेवलेला रस्सा व भाज्या उत्तम स्थितींत निघाल्या, आणि सरकारचें लक्ष या मिठाईवाल्याकडे वेधलें.

नेपोलियननें बारा हजार फ्रँकांचें बक्षीस लावलें होतें व तें स्वतःच्या हातानें आपेरला दिलें, अशी कथा पुष्कळ ठिकाणीं सांगतात. तिच्यांत रंग अधिक व सत्य कमी आहे. खरी हकीकत अशी कीं, इ. स. १८१० मध्यें फ्रान्सच्या गृहखात्याच्या मंत्र्यानें तज्ज्ञांचा अभिप्राय घेऊन आपेरला १२,००० फ्रँक मंजूर केले; आणि त्यासाठीं एक अट घातली. आपेरनें आपली रीति कांहींएक न लपवितां पुस्तकरूपानें छापावी व त्याच्या २०० प्रती सरकारास द्याव्या. पेटंट घेऊन ती विद्या स्वतःच्या मुठींत ठेवण्याचा मार्गहि त्यास मोकळा होता. त्या वेळीं तो साठ वर्षांचा होता व त्याची बरीचशी मिळकत प्रयोगांत खर्च झाली होती. अशा माणसानें श्रीमंतीचा रस्ता धरला असता, तर त्यास कोणी नांवें ठेवलीं नसतीं. परंतु आपेरनें पुस्तक छापलें, आणि घरची गृहिणी असो कीं कारखानदार असो, ज्यास हवी त्यास आपली विद्या उघडी करून दिली.

त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडांत पीटर ड्युरँड या गृहस्थानें अशाच रीतीचें पेटंट घेतलें. त्यांत कांचेबरोबर कल्हई केलेल्या पत्र्याच्या भांड्यांचाहि उल्लेख होता. पुढें ब्रायन डाँकिन व जॉन हॉल यांनीं तें विकत घेऊन लंडनमध्यें डब्यांचा कारखाना चालविला. डाख देऊन बंद केलेला डबा ते एकदम विक्रीस पाठवीत नसत. उष्ण खोलींत सुमारें महिनाभर ठेवून तो फुगतो कीं काय हें आधीं पाहत, व फुगेल तो बाजूस काढीत. फुगलेला डबा हा दोषी डबा होय, हा नियम या धंद्याच्या जन्माइतकाच जुना आहे. मौजेची गोष्ट अशी कीं, डबा उघडण्याचें हत्यार निघण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. तोंपर्यंत लोक छिन्नी व हातोडा घेऊन बसत!

आपेरच्या नशिबीं मात्र सुख नव्हतें. इ. स. १८१४ व १८१५ सालीं परकीय फौजा फ्रान्सांत शिरल्या, तेव्हां मासी येथील कारखान्याची धूळधाण झाली. वयाच्या पासष्टाव्या वर्षीं त्यानें पॅरिसमध्यें पुन्हां मांडामांड केली, पत्र्याच्या डब्यांचा स्वीकार केला, आणि आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या सुधारून काढल्या. इ. स. १८२२ मध्यें एका राष्ट्रीय संस्थेनें त्यास मानवजातीचा उपकारकर्ता ही पदवी दिली. पदवीनें पोट भरत नाहीं. इ. स. १८४१ च्या जून महिन्याच्या १ तारखेस, वयाच्या ९१ व्या वर्षीं, मासी येथें दारिद्र्यांत त्याचा अंत झाला, व गोरगरिबांच्या सामाईक खड्ड्यांत त्याचें प्रेत पुरण्यांत आलें. ज्याच्या विद्येवर पुढें देशोदेशीं कारखाने उभे राहिले, त्याच्या थडग्यावर एक दगडहि नव्हता.

परंतु आपेरची गोष्ट येथें संपत नाहीं. अन्न कां टिकतें, हें आपेरला ठाऊक नव्हतें. गे-ल्युसाक या थोर रसायनशास्त्रज्ञानें हवेंतील प्राणवायु हेंच नासण्याचें कारण ठरविलें, व लोकांनीं तें मानलें. खरें कारण लुई पाश्चर यानें आपेरच्या मृत्यूनंतर सुमारें वीस वर्षांनीं दाखवून दिलें. अन्न नासतें तें डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळें. उष्णतेनें ते मरतात. बंद झांकणामुळें नवे आंत येऊं शकत नाहींत. हें न कळतां डबे भरले म्हणजे काय होतें, तें इ. स. १८५२ मध्यें इंग्रजी आरमारास दिसून आलें. पोर्टस्मथजवळील कोठारांत मांसाचे डबे उघडले, तों बहुतेक सडलेले निघाले. डबे आकारानें मोठे केले होते, आणि गाभ्यापर्यंत उष्णता पोहोंचली नव्हती, हें त्याचें एक मुख्य कारण मानतात. पहिला खांब खचला होता, म्हणून सर्व इमारत कोसळली.

याहून भयंकर गोष्ट इ. स. १८९५ मध्यें बेल्जममधील एलेझेल या गांवीं घडली. प्रेतयात्रेंत वाजविण्यास आलेल्या वाजंत्र्यांनीं खारविलेलें डुकराचें मांस खाल्लें. त्यांपैकीं पुष्कळ आजारी पडले व तिघे मृत्यु पावले. व्हान एर्मेन्गेम या शास्त्रज्ञानें त्या मांसांत एक जंतु शोधून काढला, व इ. स. १८९७ मध्यें आपला शोध प्रसिद्ध केला. हा जंतु मातींत सर्वत्र असतो. जेथें हवा नाहीं तेथेंच तो वाढतो. त्याचीं बीजें उकळत्या पाण्यांतहि तासन् तास जिवंत राहतात. तो जें विष तयार करतो त्याचा अत्यल्प अंशहि माणसास पुरा पडतो, आणि पुष्कळदां त्या अन्नाचा रंग, वास व चव यांत कांहींच फरक पडत नाहीं. या विषबाधेस बॉट्युलिझम म्हणतात. ती क्वचित् होते. पण होते तेव्हां प्राणावर बेतते.

म्हणूनच मासळी, मांस, वाटाणे, मका असे आंबट नसलेले पदार्थ कारखान्यांत दाबाच्या बंद भांड्यांत सुमारें १२१ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. पुष्कळ फळें स्वभावतःच आंबट असतात व आंब्याच्या रसांतहि आंबटपणा राखलेला असतो. त्या आंबटपणांत हें बीज वाढत नाहीं, त्यामुळें त्यांस उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. घरच्या पातेल्यांत मासळी किंवा भाजी उकळून बाटलींत बंद करून महिनोन् महिने ठेवण्याचा प्रयोग कोणीहि करूं नये. त्यापेक्षां आजीचे सुके बोंबील शतपटींनीं बरे.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. डबा हातांत घेतला म्हणजे आपेरचे दोन खांब आठवावे, व दोन प्रश्न करावे. आंतील अन्न बिघडल्याची खूण दिसते काय? आणि डब्याची हवाबंदी कोठें तुटली आहे काय?

डबा वरून अथवा खालून फुगलेला असेल, किंवा बोटानें दाबतांच त्याचें झांकण टक् करून आंत जाऊन पुन्हां वर येत असेल, तर आंत जंतूंनीं वायु उत्पन्न केल्याचा संशय धरावा व डबा टाकावा. डबा गळत असेल, किंवा उघडतांच आंतील पदार्थ फसफसून बाहेर उडाला, तरीहि टाकावा. पोच्याच्या बाबतींत तो कोठें आहे व कसा आहे हें पाहावें. डब्याच्या मधल्या अंगावर लहानसा, उथळ, गुळगुळीत पोचा असेल आणि इतर कांहीं दोष नसेल, तर तो डबा वापरण्यास हरकत नाहीं. परंतु पोचा वरच्या किंवा खालच्या कडेवर अथवा उभ्या जोडावर असेल, त्यास टोंकदार घडी पडलेली असेल, किंवा त्यांत बोट बसेल इतका तो खोल असेल, तर तो डबा घेऊं नये. कारण अशा ठिकाणीं केंसाएवढी फट पडते, ती दिसत नाहीं, पण जंतूंस ती राजमार्गासारखी असते. आपेर बुचाच्या एका फटीस कां भीत असे, तें येथें ध्यानांत येईल.

खाडी व समुद्र यांनीं वेढलेल्या आपल्या शहरांत गंज लवकर चढतो. फडक्यानें पुसतां निघून जाणारा वरवरचा गंज निरुपद्रवी समजावा. पण पुसूनहि न जाणारा, पत्र्यास खड्डे पाडणारा गंज असेल, तर डबा टाकावा. इ. स. २००५ च्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस मुंबई व तिच्या आसपास जो प्रलय झाला, त्याची आठवण पालकांस असेलच. पुराच्या पाण्यांत भिजलेलीं पिंपें, फिरकीच्या झांकणांच्या बरण्या व कागदी खोकीं यांतील अन्न ठेवूं नये. पत्र्याचे अगदीं निर्दोष डबे मात्र कागद काढून, साबणानें धुवून, निर्जंतुक करून मगच उघडावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्ही शेवटीं ठेवली आहे. संशय आला म्हणून डब्यांतील पदार्थ किंचित् चाखून पाहणें, ही सर्वांत मोठी चूक होय. जीभ त्या विषाची परीक्षा करूं शकत नाहीं. उलट तीच पहिली बळी पडते. नाकावरहि भिस्त ठेवूं नये. वाईट वास आला तर अन्न टाकावेंच, पण वास आला नाहीं म्हणून अन्न चांगलें असें समजूं नये. संशयित डबा न उघडतां पिशवींत घट्ट बांधून टाकावा, म्हणजे रस्त्यावरचें कुत्रेंमांजर किंवा कचरा वेंचणारें एखादें गरीब मूल त्यास बळी पडणार नाहीं. आणि त्यानंतर हात स्वच्छ धुवावे. असें अन्न खाल्ल्यावर, बहुधा एकदोन दिवसांत, एका वस्तूच्या दोन दिसूं लागल्या, पापण्या जड झाल्या, बोलतांना व गिळतांना त्रास होऊं लागला, तर क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें व काय खाल्लें तें डॉक्टरांस सांगावें. या विषावर उतारा आहे, परंतु तो वेळेवर मिळाला पाहिजे.

अन्न टाकणें हें आपल्याकडे पाप मानतात, व तें योग्यच आहे. पानांत उष्टें टाकणाऱ्या मुलांस आम्हीहि रागें भरतों. परंतु ज्या अन्नाचा भरंवसा गेला, तें अन्न राहिलेंच नाहीं. आपेरनें स्वतः किती बाटल्या फेंकल्या असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाहीं. गरीब असूनहि त्यानें त्या फेंकल्या; म्हणूनच ज्या उरल्या त्यांवर जगानें विश्वास ठेवला. आईनें एखादा फुगलेला डबा बाजूस टाकला, तर पैसे वायां गेले म्हणून मुलांनीं हळहळूं नये. त्या डब्याची किंमत शेंदोनशें रुपये असेल. पण त्याच्या समोर पंक्तीस बसलेलें सारें घर असतें.